पोरीले मी पाह्यते

सुनंदाचा कुठे सत्कार असला की झुंबरबाईची खुर्ची पहिल्या रांगेत ठरलेली. जळगावच्या ज्या मुलींच्या शाळेत सुनंदा ग्रंथालय सांभाळायची आणि संध्याकाळी पोरींना धावायला शिकवायची, तिथल्या शिपायालाही हे ठाऊक होतं. तो आधीच त्या खुर्चीवरची धूळ पुसून ठेवायचा. सुनंदा उजव्या पायानं जराशी लंगडत माईकपाशी जायची, जिंकून आलेल्या पोरींची नावं घ्यायची, आपल्याला धावायला शिकवणाऱ्या धनसिंग सरांचे आभार मानायची, आणि मग ते वाक्य यायचंच. "लग्न झालं, मूल झालं, तेव्हा मला सगळ्यांनी थांब म्हटलं. एकट्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, तू पळ, पोरीला मी पाहते."

टाळ्या पडायच्या. झुंबरबाई पदराचा शेव तोंडाशी धरून खाली बघायची. लोकांना वाटायचं, म्हातारी लाजली. लोक काय, वरवरचं बघतात आणि त्यावर चार बोटं पुढचं बोलतात. शेजारच्या बायका कोपरानं ढोसून म्हणायच्या, सासू असावी तर अशी. झुंबरबाईला तेव्हा वाटायचं की जमीन दुभंगावी आणि खुर्चीसकट आपल्याला पोटात घ्यावं.

कारण वाक्य शब्दाशब्दाला खरं होतं. ती तसंच म्हणाली होती. का म्हणाली होती, ते मात्र तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि दहा वर्षं झाली तरी ते तिला पचलं नव्हतं.

सुनंदा मूळची बोदवडची. शाळेत असताना लांब पल्ल्याच्या शर्यतीत तिच्यापुढे जिल्ह्यात कोणी टिकायचं नाही. ब्याऐंशी साली असोद्याच्या पितांबरसाठी तिला बघायला गेले, तेव्हा सासरे शालिग्राम आबांनी पोह्यांच्या बशीला हात लावला नाही. ते उठले आणि भिंतीवर टांगलेले बिल्ले एकेक करून बघत राहिले. आबा तरुणपणी कुस्तीच्या फडात उतरलेला माणूस. परत येताना बसमध्येच त्यांनी सांगून टाकलं की पोरगी पसंत आहे आणि ती लग्नानंतर धावणार आहे. झुंबरबाईनं खिडकीबाहेर बघत विचारलं, आपण सून आणतोय की घोडी? आबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. घरात आबांचा शब्द चालायचा, त्यामुळे सुनंदा धावली.

पहाटे अंधार असतानाच ती असोद्याहून निघायची. पुढे सुनंदा, मागे पितांबर राजदूतचा दिवा लावून. तशी जोडी जळगावात शिरायची, मेहरूणच्या तलावाला फेरी मारून उजाडता उजाडता परत यायची. सुरुवातीला गावानं मनसोक्त हसून घेतलं. पितांबर बायको हाकायला निघाला, असं पारावर म्हणायचे. पण तेरड्याचा रंग तीन दिवस. पुढे पुढे केळीच्या बागेत पाणी धरायला निघालेली माणसंच तिला रस्ता देऊ लागली.

चौऱ्याऐंशीत जागृती झाली. सहाव्या महिन्यात सुनंदानं पुन्हा बूट घातले, आणि घरात खरी कुरबुर सुरू झाली. उन्हातून आलेल्या किंवा दमून आलेल्या बाईचं दूध तापलेलं असतं, ते लेकराला बाधतं, हे झुंबरबाईला तिच्या सासूनं सांगितलेलं, त्या सासूला तिच्या सासूनं. सुनंदा दाराशी यायची तेव्हा तिचा ब्लाउज दुधानं भिजलेला असायचा आणि पोरगी आत टाहो फोडत असायची. झुंबरबाई पोरीला मांडीवर घेऊन पाठमोरी बसायची. आधी अंग धू, मग जरा बूड टेक, श्वास खाली बसू दे, पहिलं दूध मोरीत पिळून टाक आणि मग घे. हे सगळं होईपर्यंत पोरगी काय उपाशी ठेवायची? तिला झुंबरबाई वाटीतून शेळीचं दूध पाजायची. सुनंदा अंग थंड करून पदर सावरत यायची, तोवर पोरगी पोट भरून झोपलेली असायची. दहाव्या महिन्यात तिनं आईच्या छातीला तोंड लावायचंच सोडलं.

त्या दिवशी सुनंदा धावायला गेली नाही. गोठ्यात जाऊन बसली होती. झुंबरबाईनं ते पाहिलं आणि मनात म्हटलं, धाव आता.

असं म्हणणारी बाई मुळात वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. तिची दोन्ही पोरं, पितांबर आणि मगन, तिच्या सासूनं वाढवली होती. झुंबरबाई तेव्हा दिवसभर रानात. कापूस वेचून संध्याकाळी घरी यावं तर पोरं म्हातारीच्या कुशीत निजलेली. दोघंही आजीला माय म्हणायची आणि हिला वहिनी, कारण धाकटे दीर वहिनी म्हणायचे आणि पोरं ऐकतात तेच बोलतात. जन्म दिला तिनं, पण अंगावर लेकरू खेळवायचं सुख तिला मिळालं नव्हतं. ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मिळालं, तेही नातीच्या रूपानं. मग ती जागृतीला सोडते होय? न्हाऊ घालणं तिचं, घास भरवणं तिचं, रात्री पाठ थोपटणं तिचं. जागृती तिला माय म्हणू लागली. सुनंदाला म्हणायची वहिनी, मगन म्हणायचा तसं.

सुनंदा मेहरूणहून येताना कधी खिशातून बोरं आणायची. तिथली बोरं म्हणजे साखरच. पोरगी दोन्ही हात पसरून ती घ्यायची आणि तुरुतुरु चालत जाऊन मायच्या ओच्यात टाकायची. सुनंदा हसायची. ते हसू कसलं होतं, हे झुंबरबाईला चांगलं कळायचं, आणि कळून ती बोर तोंडात टाकायची.

सत्त्याऐंशीच्या दसऱ्यानंतर सुनंदाची नडगी दुखू लागली. तिनं कुणाला सांगितलं नाही, फडकं घट्ट बांधून धावत राहिली. डिसेंबरात धुळ्याला मोठी शर्यत होती, पहिल्या तिघी राज्याच्या संघात जायच्या. तिला सत्ताविसावं लागलेलं. पुढच्या वर्षी कोवळ्या पोरी पुढे जातील, हे ती जाणून होती. एका सकाळी असोद्याच्या अलीकडच्या छोट्या पुलाजवळ तिचा पाय टेकेनासा झाला. पितांबरनं तिला गाडीवर बसवून थेट जळगावला डॉक्टरकडे नेलं. हाडाला चीर गेली होती. आठ आठवडे प्लास्टर, आणि संक्रांतीपर्यंत धावायचं नाव नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. धनसिंग सर भेटायला आले, तेव्हा त्यांनीही समजावलं की घाई करू नको. सुनंदा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ओसरीवर बाज टाकली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती दिवसचे दिवस एका जागी होती, आणि घरात पहिल्यांदा पोरीला तिच्या वाटेत येता आलं. आधी पोरगी लांबूनच प्लास्टर बघायची. मग तिनं त्यावर बोट लावलं. मग चुलीतला कोळसा आणून त्यावर केळीचं झाड काढलं, झाडाखाली एक शेळी काढली, शेळीला पाच पाय. सुनंदानं सांगितलं की शेळीला चारच पाय असतात. पोरगी म्हणाली की हिचा एक पाय मोडला की चार उरतील. त्या दिवशी सुनंदा इतकी हसली की बाजेची करकर आत चुलीपर्यंत ऐकू आली. झुंबरबाई भाकरी थापत होती. तिच्या हातातली भाकरी काठाला चिरली.

आठवडा गेला, दोन गेले. पोरगी बाजेवर जेवू लागली. दुपारी बाजेवरच झोपू लागली. एकदा झुंबरबाई आत तूर निवडत बसली असताना बाहेरून पोरीचा आवाज आला.

"वहिनी, तू माही आई हायेस ना?"

सुनंदा उठून बसली, बाज करकरली. मग म्हणाली, हो. त्या संध्याकाळपासून पोरगी तिला आई म्हणू लागली, आणि रात्री मायच्या अंथरुणावर यायला नाही म्हणाली.

झुंबरबाईला राग आला नाही. राग परवडला असता, रागाला बोलता येतं. तिला भीती वाटली. आपल्या सासूच्या कुशीतली ती दोन पोरं तिला आठवली आणि वाटलं, आता हेही गेलं. अंथरुणाची डावी बाजू रिकामी राहिली. ती तिथे हात टाकून पडायची आणि झोप यायची नाही. आणि मग एके दिवशी, दिवाळीनंतरची आवराआवर चाललेली असताना, तिच्या मनात पहिल्यांदा आलं की ही पुन्हा धावायला लागली तर पोरगी परत आपल्याकडे येईल.

विचार आला तेव्हा ती दचकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला तेव्हा कमी दचकली. मनाचं असंच असतं. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं की जगाला अंधार झालाय.

झुंबरबाईचं माहेर धुळ्याकडचं. तिकडे चिंधा नाना म्हणून हाडवैद्य होते. चार तालुक्यांतली माणसं त्यांच्या अंगणात येऊन बसायची. तिनं विषय काढला. प्लास्टरात पाय सडतो, नाना आठ-दहा दिवसांत हाड बसवतात, तुझी शर्यत हुकणार नाही. पितांबर म्हणाला की डॉक्टरला विचारून बघू. डॉक्टर काय, आणखी एक प्लास्टर घालेल, असं तिनं त्याला गप्प केलं. आबा म्हणाले, सुनंदाला विचारा. सुनंदाला काय विचारायचं? बुडत्याला काडीचा आधार. तिच्या डोळ्यांत तेव्हा जे पाणी आलं, ते बघून झुंबरबाईला क्षणभर वाटलं की आपण हे तिच्याचसाठी करतोय.

नानांच्या अंगणात प्लास्टर कापलं. पोरीनं काढलेलं केळीचं झाड आणि पाच पायांची शेळी, नानांच्या माणसानं सगळं उकिरड्यावर फेकलं. पोरगी सोबत होती, तिनं रडून गोंधळ घातला. नानांनी पायाला पाला बांधला, वर अंड्याच्या बलकाचा लेप, वर बांबूच्या कामट्या. दहा दिवस झुंबरबाईच्या भावाकडे मुक्काम झाला. दहाव्या दिवशी नानांनी कामट्या सोडल्या, अंगठ्यानं नडगी वरपासून खालपर्यंत दाबली, आणि सुनंदाला आत पाय धुवायला पाठवून झुंबरबाईला अंगणात बोलावलं.

"हाड जुडी गयं शे, अक्का. पन कच्चं शे. दोन महिना तिले पयू देवानं नही. ध्यानमा ठेव."

झुंबरबाईनं मान हलवली. दोन महिने पळणं नाही, हे तिला स्पष्ट कळलं होतं. सुनंदा ओला पाय टेकत टेकत बाहेर आली आणि तिनं सासूच्या तोंडाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, विचारलं नाही. विचारायची तिला भीती वाटत होती.

"हाड जुळलं, नाना म्हने," झुंबरबाई म्हणाली. आणि पुढचं ओठावर आलेलं तिनं गिळलं. त्याऐवजी तिच्या तोंडून दुसरंच निघालं. "तू पय आता. पोरीले मी पाह्यते."

सुनंदानं तिथेच, सगळ्या पेशंटांच्या देखत, वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

शर्यतीच्या दिवशी पितांबर आणि सुनंदा पहिल्या बसनं धुळ्याला गेले. झुंबरबाई पोरीला घेऊन घरी राहिली. पोरगी सकाळभर उंबऱ्यावर बसून होती, आई कधी येईल म्हणून विचारत होती. झुंबरबाईनं तिला गूळ-शेंगदाणे दिले, शेळीच्या करडाशी खेळवलं, दुपारी वरण-बट्टी चुरून भरवली, भरपूर तूप सोडून. मग पोरगी तिच्या कुशीत आली आणि एक हात तिच्या गळ्यात टाकून झोपली. किती तरी दिवसांनी. तिच्या केसांना तेलाचा आणि उन्हाचा वास येत होता. झुंबरबाई हलली नाही, पोरगी जागी होईल म्हणून. त्या दुपारी ती सुखात होती. पुढे तिनं स्वतःला बरंच काही माफ करायचा प्रयत्न केला, पण त्या दुपारचं सुख तिला कधी माफ करता आलं नाही. कारण ती तशी पडली होती, बहुधा त्याच वेळी, धुळ्याच्या रस्त्यावर सातव्या किलोमीटरला सुनंदाचं हाड मोडलं होतं. ती तेव्हा दुसरी होती. आवाज रस्त्याकडेच्या माणसांनाही ऐकू आला, असं पितांबर सांगायचा.

दिवेलागणीला एक जीप दाराशी आली. त्यातून एकटा मगन उतरला. तो मागाहून शर्यत बघायला धुळ्याला गेला होता. सुनंदाला तिथेच इस्पितळात ठेवलं होतं.

हाडाला पोलादी पट्टी घातली, ती काढली, पुन्हा घातली. सहा महिने गेले. पाय बोटभर आखूड झाला. नातेवाईक भेटायला यायचे आणि कुजबुजायचे की सासूनंच हाडवैद्याकडे नेलं. कुणी नानांना नावं ठेवली, कुणी झुंबरबाईला. तेव्हा सुनंदानं खाटेवरून सगळ्यांना सांगितलं, आत्याबाईंना कोणी काही बोलायचं नाही. सगळे मला थांब म्हणत होते, एकट्या त्या पळ म्हणाल्या. ते वाक्य असं जन्माला आलं. झुंबरबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. ती नळावरून पाणी आणते म्हणून उठली.

आणि पोरगी? ते सहा महिने ती मायजवळ राहिली खरी. पण सुनंदा कुबड्या घेऊन घरी आली ती कायमचीच. आता तिला पहाटे कुठे जायचं नव्हतं. पोरगी तिच्याच मागे मागे राहू लागली, शाळेत गेली, मोठी झाली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. जागृती अजून तिला मायच म्हणायची, पण माय म्हणून हाक मारणं आणि मायजवळ येणं यातलं अंतर झुंबरबाईला मोजता येत होतं.

त्यानंतर सुनंदाला रडताना झुंबरबाईनं एकदाच पाहिलं. कपाट आवरताना बुटांचा जुना जोड सापडला होता. तिनं तो धुतला, वाळवला आणि शेजारच्या गल्लीतल्या एका पोरीला देऊन टाकला. पुढे धनसिंग सरांनी तिला घड्याळ धरायला मैदानावर बोलावलं, त्यातून ती पोरींना शिकवू लागली. तिच्या पोरी जिंकू लागल्या, सत्कार होऊ लागले. आणि प्रत्येक सत्काराला ते वाक्य.

सत्त्याण्णव साली जागृती तेरा वर्षांची झाली. धावण्यात ती आईवर गेली होती, आणि दुखणं लपवण्यातही. डिसेंबरात धुळ्याला शाळांच्या शर्यती होत्या. आठ दिवस आधी ती तेलाची वाटी घेऊन झुंबरबाईच्या खोलीत आली आणि दार लोटून पाय पुढे केला. जरा चोळून दे, आईला सांगू नको.

झुंबरबाईची बोटं नडगीवरून खाली सरकली आणि एका जागी पोरीनं श्वास धरला. तीच जागा. दोन बोटं इकडे नाही, तिकडे नाही. तिनं वाटी खाली ठेवली.

ती म्हणाली की हे आईला सांगावं लागेल. जागृतीनं पाय मागे घेतला. आई थांबवेल, वर्ष जाईल, दुखतं ते थोडंसंच. मग तिनं आजीचे दोन्ही हात धरले.

"माय, तूच तर आईले म्हनालीस ना, तू पय? मग मले का थांबवतेस?"

झुंबरबाईकडे याला उत्तर एकच होतं. ते तिनं दहा वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि जगात तिच्या वाट्याला आलेली जी काय थोडी इज्जत होती, ती त्या न दिलेल्या उत्तरावर उभी होती. गप्प राहिलं तर सगळं तसंच चाललं असतं. पोरीनं तिच्या गळ्यात हातही टाकले असते.

ती उठली. गुडघे धरून ओसरीवर आली. सुनंदा तिथे बसून पोरींच्या बनियनवर शर्यतीचे नंबर शिवत होती. कापडी चौकोन, त्यावर काळ्या रंगानं काढलेले आकडे. जागृतीचा सतरा नंबर तिच्या मांडीवर होता. झुंबरबाई तिच्यासमोर खालीच बसली.

"पोरीची नडगी दुखू राह्यली. तुह्यीच जागा हाये. तिले पयू देऊ नको." सुनंदानं मान वर केली, तोवर ती पुढे बोलली, कारण थांबली असती तर राहूनच गेलं असतं. "अजून एक हाये. नानानं तवा मले सांगतलं व्हतं. हाड कच्चं हाये म्हने. मी तुले अर्धंच सांगतलं."

सुई थांबली.

"का?"

"पोरगी तुह्याकडे जाऊ राह्यली व्हती. मले ते पाह्यवे ना."

दारात जागृती उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सुनंदा सासूकडे बघत होती, पण जणू तिच्या मागे कुणी तरी उभं असल्यासारखं. मग तिनं विचारलं की नाना नेमकं काय म्हणाले होते. झुंबरबाईनं नानांच्या बोलीत, नानांचा शब्द न् शब्द सांगितला. इतक्या वर्षांत त्यातली एक मात्रा ती विसरली नव्हती.

"दोन महिने," सुनंदा म्हणाली. "आत्याबाई, फेब्रुवारीत नाशिकला दुसरी निवड होती. दुखापतीनं राहून गेलेल्या मुलींसाठी. सर म्हणतच होते, तोवर थांब. मीच त्यांना सांगितलं, हाड जुळलंय, कशाला थांबू."

तिनं पोरीला जवळ बोलावलं, तिचा पाय मांडीवर घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला. मग कात्री घेतली आणि बनियनवरचा सतरा नंबर, आत्ताच घातलेला टाका न् टाका, उसवायला बसली.

जागृतीला दुसऱ्या दिवशी जळगावला नेलं. हाड धड होतं, फक्त सुजलं होतं. डॉक्टरनं सहा आठवडे विश्रांती सांगितली. पोरगी चार दिवस फुगून बसली आणि संक्रांतीनंतर पुन्हा धावू लागली. तिचं काही बिघडलं नाही.

सुनंदा सासूला एका शब्दानं बोलली नाही. सकाळचा चहा तसाच मिळायचा, भाकरी गरम मिळायची, गुडघ्याच्या गोळ्या पुड्यातून मोजून हातावर यायच्या. झुंबरबाई वाट बघत राहिली की आज तोंड सुटेल, उद्या सुटेल. शिव्या दिल्या असत्या, भांडी आदळली असती, तर सांगून टाकल्याचं काही तरी झालं असतं. दोन महिने गेले आणि ती वाट बघायची थांबली. एकदा तिनं आपणहून विषय काढायचा प्रयत्न केला, तर सुनंदा म्हणाली की बाहेर वाळत घातलेल्या कुरडया आत घ्यायच्यात, आणि उठून गेली.

मार्चमध्ये शाळेत पुन्हा सत्कार झाला. झुंबरबाई यायला तयार नव्हती. पायांचं निमित्त सांगून बघितलं, पण सुनंदानं रिक्षा बोलावली आणि हात धरून तिला बसवलं. शिपायानं खुर्ची पुसून ठेवली होती, पहिल्या रांगेत. जागृती शेजारी बसली. सुनंदा लंगडत माईकपाशी गेली, पोरींची नावं घेतली, धनसिंग सरांचे आभार मानले. झुंबरबाईनं सवयीनं पदराचा शेव तोंडाशी नेला आणि मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, आज ही सगळं सांगणार. सांगू दे, असंही वाटलं.

"लग्न झालं, मूल झालं, तेव्हा मला सगळ्यांनी थांब म्हटलं," सुनंदा म्हणाली. मग ती थांबली. "तरी मी पळाले," ती म्हणाली, आणि नमस्कार करून आपल्या जागेकडे वळली.

टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या. पलीकडच्या खुर्चीवरच्या बाई, दरवर्षी येणाऱ्या, झुंबरबाईकडे झुकल्या आणि म्हणाल्या, अहो आजी, आज तुमचं नाव राहूनच गेलं की.

"नही," झुंबरबाई म्हणाली. "बरोबर सांगतलं तिनं."